पोटाला अधिक महिना धरायचा का?

माझ्या सासूबाई गेल्या त्या अधिक महिन्यात. तेराव्यानंतर गुरुजी पंचांग उघडून बसले आणि वर्षश्राद्ध कोणत्या महिन्यात करायचं यावर घरातल्या चार माणसांनी चार मतं दिली. मी भिंतीशी बसले होते. डोळे भरलेले होते, आणि त्या भरल्या डोळ्यांतच मला एकाएकी हसू फुटलं. घाईनं पदर तोंडावर धरला. खांदे हलत होते ते थांबेनात. कोणीतरी हळूच म्हणालं, "सुनेला लई लागलं बघा."

लागलं होतंच. पण हसू खोटं नव्हतं. अधिक महिना धरायचा की सोडायचा, हे भांडण या घरात एकदा होऊन गेलं होतं. तेव्हा भांडणाच्या एका टोकाला सासूबाई होत्या, दुसऱ्या टोकाला मी आणि मधे माझं पोट.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. दर तीनेक वर्षांनी पंचांगात एक महिना जास्तीचा येतो. आमच्याकडे त्याला धोंड्याचा महिना म्हणतात. त्यात लग्न नाही, मुंज नाही, वास्तुशांत नाही. चंगळ असते ती फक्त जावयाची. त्याला सासुरवाडीहून अनारसे येतात, पुरणाचे धोंडे येतात. बाकी कामांसाठी तो महिना असून नसल्यासारखा. ज्या वर्षी मला पहिल्यांदा दिवस गेले त्या वर्षी श्रावण दोन आले होते. आधी अधिक, मग खरा.

निजामाचं राज्य होतं. आमचं बिऱ्हाड जुन्या जालन्यात, दोन खोल्या आणि पुढं ओसरी. हे तहसील कचेरीत कारकून होते. तिथं त्याला अहलकार म्हणत. यांचं सगळं शिक्षण उर्दूतून झालेलं, अक्षर मोत्यासारखं, पण मराठी वाचायला दिलं की बैल चिखलात अडावा तसे अडत. घरात मराठी वाचणारी मी एकटी. मामाकडे राहून मी मुलींच्या शाळेत शिकले होते. सासूबाई ही गोष्ट आल्यागेल्याला अशी सांगत की ती तक्रार आहे की कौतुक, हे ऐकणाऱ्याला कळू नये. "आमची सून लई शिकलेली हाये. चूल पेटती का न्हाई ते पुस्तकात बघून सांगती."

सासूला आम्ही आत्याबाई म्हणायचो. आत्याबाई बुटक्या, काटक. घरात त्या आहेत की नाहीत ते आवाजावरून कळे. मी इतकी गप्प की शेजारच्या काकू मला "मुकी" म्हणत. आमचं दोघींचं जमत होतं, कारण बोलायचं काम त्यांनी घेतलं होतं.

दिवाळी आली तोवर माझ्या अंगाचा कारभार माझ्या हातून गेला होता. चुलीपुढं वाकलं की घशाशी आंबट येई. चार घास खाल्ले की पोट भरे आणि भांडी घासून होईतो परत भूक लागे. संध्याकाळी पाय सुजत, जोडवी रुतत. आत्याबाईंनी एकदा तेल लावून ती सैल केली आणि तेवढ्या वेळात माझ्या पायाला, माझ्या माहेरच्या सोनाराला आणि जोडव्यांच्या वजनाला मिळून नावं ठेवली. रात्री कूस बदलायची तर आधी गुडघे, मग कंबर, मग पोट, अशी वरात निघायची. दुपारी जरा पडले आणि पुस्तक पोटावर टेकवून वाचायला लागले की आतून लाथ बसे आणि पुस्तक उडे. एकदा तर पान उलटलं. मी ते यांना सांगितलं. हे म्हणाले, "आता त्याला उर्दू दाखव, बघू काय करतंय."

डोहाळेही विचित्र लागले. मला चिंच नको होती, माती नको होती. जुन्या पुस्तकांचा वास घ्यावासा वाटे. पुस्तक उघडून मी नाक खुपसून बसे. आत्याबाई काकूंना सांगत, "दुसऱ्या बायांला आंबट लागतंय. हिला कागद लागतोय. कारकुनाचा वंश, दुसरं काय!"

एक गोष्ट मी तेव्हा पाहिली होती पण तिच्याकडे लक्ष दिलं नव्हतं. माझी ओटी आत्याबाईंनी आश्विनातच भरली. ओटी सातव्यात भरतात. काकू बोटं मोजून म्हणाल्या, "अवो, सहावाच चालूये न्हवं?" आत्याबाई म्हणाल्या, "तुमची बोटं आखूड हायेत." सगळ्या हसल्या आणि विषय तिथंच संपला.

पहिलं बाळंतपण माहेरी. ते ठरलेलंच होतं. माझं माहेर धावड्याला, भोकरदनच्या पुढं, डोंगराच्या अंगाला. दादा भाऊबीजेला दमणी, म्हणजे छोटी बैलगाडी, घेऊन येणार आणि मला घेऊन जाणार. सातव्यात जायचं, कारण आठव्यात गर्भारणीनं प्रवास करायचा नाही, गाव ओलांडायचं नाही. सातव्याचं मूल जगतं, आठव्याचं जगत नाही, असं सगळ्या बायका सांगत. आठवा एकदा लागला की मी जिथं असेन तिथंच बाळंत होणार.

मला माहेर हवं होतं. हट्ट वाटेल, पण इतक्या मनापासून मी दुसरं काही मागितलं नव्हतं. आईजवळ जायचं होतं. दुपारी डोक्यावरचा पदर खाली पाडून, पाय पसरून, पुस्तक घेऊन पडायचं होतं आणि कोणी हाक मारली तर ऐकू आलं नाही असं करायचं होतं. सासरी ऐकू न येण्याची सोय नसते. आश्विनापासून मी रोज दाराकडं बघत होते.

भाऊबीजेच्या सकाळी दादा आला. बैलांच्या शिंगांना गोंडे, दमणीत कडब्यावर गोधड्या. मी ओवाळलं. तो जेवायला बसला, पहिला घास घेतला आणि म्हणाला, "मावशी, उद्या सकाळच्या पारी निघावं म्हणतो."

"निघ की बाबा," आत्याबाई म्हणाल्या. "तुला कोण अडवून राह्यलंय?"

"न्हाई, बाईला घेऊन."

"ती कशी यील? आठवा लागलाय तिला."

दादाचा घास हातात राहिला. माझ्या हातून भाकरी तव्यावर करपली. दादा म्हणाला, "मावशी, वैशाखापसून धरलं तर कार्तिक सातवा येतोय. वैशाख, जेष्ठ, आषाढ, श्रावण..."

"कोणता श्रावण?"

"श्रावण म्हंजे श्रावण."

"दोन आल्ते औंदा. एक तुझ्या खिशात ऱ्हायला का?"

"धोंड्याचा कुणी धरतंय व्हय?"

आत्याबाई त्याचीच वाट बघत होत्या. "असं! धोंड्याच्या महिन्यात चिखल तुडवत अनारसे घेऊन कोण आल्तं? तूच आल्ता ना? अनारसे खाऊ घातले तवा महिना व्हता, आता एकदम न्हाई झाला?"

दादा खाली मान घालून जेवू लागला. अनारसे त्यानंच आणले होते, यांनी खाल्ले होते, आणि उरलेले आत्याबाईंनी फडताळात ठेवून पुरवून पुरवून संपवले होते.

संध्याकाळी हे कचेरीतून आले. दादानं त्यांच्यापुढं दाद मागितली. हे शिकलेले, सरकारी माणूस, त्यांनी निवाडा करावा. यांनी खूप वेळ हिशेब केला, पण तो कचेरीच्या महिन्यांनी. खुरदाद, तीर, अमरदाद, शहरेवर असं पुटपुटत बोटं मोजली.

आत्याबाई म्हणाल्या, "ही महिन्यांची नावं का पैलवानांची?"

हे म्हणाले, "माय, सरकारी हिशेबानं सातवा संपत आलाय. आठवा लागायचाय, पर लागला न्हाई."

"म्हंजे माझं बी बराबर आन त्याचं बी बराबर?"

"तसंच काहीसं."

"म्हणूनच तुमच्या कचेरीत कुणाचं काम हुत न्हाई," आत्याबाई म्हणाल्या आणि यांना पान वाढलं.

मग मी बोलले. घरात मी आपणहून बोलत नसे, त्यामुळे तिघंही माझ्याकडं बघायला लागले. मी मनात दुपारपासून वाक्य जुळवत होते. सासरे श्रावणात वारले होते. त्यांचं श्राद्ध या वर्षी दुसऱ्या, खऱ्या श्रावणात झालं होतं. पहिला श्रावण कोणी धरला नव्हता. मी म्हणाले, "आत्याबाई, मामंजींच्या श्राद्धाला धोंड्याचा महिना सोडला. मग पोटाला कसा धरायचा?"

मला वाटलं, जिंकले. दादानं तर मांडीवर थाप मारली.

आत्याबाईंनी माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. "तुझे मामंजी मेलेत, पोरी," त्या म्हणाल्या. "मेलेल्या माणसाला महिनाभर थांब म्हणलं तर थांबतंय. पोटातलं थांबतंय का? पंचांग बघून वाढतंय का ते?"

 माझ्या पुस्तकांत हे कुठं लिहिलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दादा निघाला नाही. तोही काही कमी नव्हता. त्यानं बैलांना पाणी पाजलं, ओसरीत पसरला आणि म्हणाला, "मावशी, तुमचं चालू द्या. मी दमलोय." तो काकूंना जाऊन विचारून आला. काकू म्हणाल्या, सातवा. तो वाण्याला विचारून आला. वाणी म्हणाला, धोंड्याचं व्याज मी घेत नाही, तेव्हा सातवाच. वाणी ते व्याज घेत होता हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं, तरी दादानं त्याचा दाखला आत्याबाईंना दिला.

आत्याबाईंनी कारणांचं दुकान उघडलं. शनिवारी सासर सोडू नये. रविवारी त्या दिशेला जाऊ नये. सोमवारी त्यांचा उपास, तर सून घरात पाहिजे. मी त्यांच्यावर मनातून चिडले होते. पहिलं नातवंड आपल्या उंबऱ्याच्या आत व्हावं, बारसं आपल्या थाटात व्हावं, म्हणून हा सारा खेळ आहे, असं माझं ठरलं होतं. मी भांडत नव्हते. गप्प राहणाऱ्या माणसाला भांडणाची दुसरी रीत असते. मी माझ्या पेटीत चार लुगडी घालून ती दाराशी आणून ठेवली. आत्याबाई ती उचलून आत ठेवत. मी परत दाराशी ठेवी. दोघी एकमेकींना एक शब्द बोलत नव्हतो. पेटी दिवसभर येजा करत होती. शेवटी त्या म्हणाल्या, "गर्भार बाई, वझं उचलून राह्यलीस. ठिव तिथंच दाराशी. मी पाय आपटून घीन पर तू उचलू नको."

मी पेटीजवळच पाटावर बसले आणि पुस्तक उघडलं. डोळ्यांतून पाणी पानावर पडलं. आत्याबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं आणि ओसरीकडं तोंड करून मोठ्यानं म्हणाल्या, "ए धावडेकर! सातवा तर सातवा. उद्या बैल जुप. पर सावलीसावलीनं न्यायचं."

दादा उठून बसला. "म्हंजे मावशी, धोंडा सोडला?"

"सोडला. तुझ्या डोक्यात घालायला ठिवलाय."

सकाळी मी तयार होऊन बाहेर आले तर दमणीत आत्याबाई आधीच बसलेल्या. मांडीवर गाठोडं, डोक्यावरून पदर, तोंड असं की जणू दमणी त्यांचीच आहे आणि आम्हीच उशीर केला. हे दारात उभे. "माय, तू कुठं निघालीस?"

"बाजार बघायला. तू कचेरीत जा. काकू भाकरी धाडतील."

सुनेला पोचवायला सासू जात नाही. व्याह्यांकडे असं आगंतुक जायला तर कुणीच तयार होत नाही. दादा बैलांच्या पुढं जाऊन हसू लपवत होता. भोकरदनपर्यंत सर्व्हिस मोटार होती, पण तिचं नाव कुणी काढलं नाही; मोटारीत लेकरू घुसळून निघतं असं आत्याबाईंचं मत होतं.

वाटेत ज्वारी गुडघ्याच्या वर आली होती, कापूस फुटला होता, बायका वेचणीला लागल्या होत्या. विहिरीवर पाणी प्यायला थांबलो की बाया विचारत, "कितवा?" आत्याबाई ठणकावून सांगत, "सातवा." पण वाटेत खड्डा दिसला रे दिसला की त्यांचा तळवा माझ्या पोटाखाली जाई. मी आधी दचकले. मग कळलं की त्या पुढची वाट बघत बसल्या आहेत, शेतं नाही, माणसं नाही, फक्त चाकोरी.

दादानं चेष्टा केली. "मावशी, सातवाच हाये तर बैलं पळवू का जरा?"

"पळीव. मंग तुला बी बैलामागं पळवते."

भोकरदनला दादाच्या ओळखीच्या घरी मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी नदीच्या उताराशी आलो. पाणी घोट्याएवढंच होतं, पण दरड उभी. आत्याबाईंनी दमणी थांबवली. मला खाली उतरवलं, माझा दंड धरला आणि आम्ही दोघी चालत उतरलो. दादा रिकामी दमणी घेऊन पुढं पाण्यात गेला. मध्यावर एका दगडावर त्यांनी मला बसवलं, दम खायला. माझे सुजलेले पाय पाण्यात होते. बरं वाटत होतं.

आत्याबाई पाण्याकडं बघत म्हणाल्या, "माझ्या येळंला बी धोंडा आल्ता."

मला वाटलं, पुढं काहीतरी टोमणा येईल.

"माझ्या सासूनं सोडला तो महिना. म्हणली, सातवाच हाये, जा माहेराला. गाडीत बसवलं. असाच उतार व्हता." त्यांनी ओंजळभर पाणी माझ्या पायांवर घातलं. "ह्याच्या आधीचं ते. पोरगी व्हती."

'ह्याच्या' म्हणजे माझ्या नवऱ्याच्या आधीचं. या घरात इतकी वर्षं कोणी मला ते सांगितलं नव्हतं; यांनाही ठाऊक नव्हतं, असं पुढं कळलं.  मी एवढंच विचारलं, "मग मला निघू का दिलंत, आत्याबाई?"

"तू रोज दाराकडं बघून राह्यली व्हतीस. पेटीवर बसून रडाया लागलीस. माहेराकडं डोळं लावून बसलेली बाई घरात ठिवून ती सुखानं बाळंत हुती व्हय?" मग लगेच आवाज चढवला, दादाला ऐकू जाईल असा. "आन ह्या तुझ्या भावाच्या हातात देऊ तुला? ह्याला श्रावण किती आले ते कळत न्हाई!"

"कळलं, मावशी!" दादा पलीकडून ओरडला.

"गप! बैल धर!"

धावड्याला पोचलो तेव्हा आई अंगणात आली, मागे गल्लीतल्या बाया. विहीणबाईंना दमणीत बघून आई बावरली, घाईनं पदर सावरू लागली. बायांतून प्रश्न आलाच, "कितवा?" आत्याबाई उतरता उतरता म्हणाल्या, "सातवा." मग पाय धुऊन झाल्यावर त्यांनी आईला दंडाला धरून आत नेलं. मी माजघरात पडले होते, ऐकू येत होतं. "विहीणबाई, कुणी इचारलं तर सातवा म्हणा. पर बाळंतिणीची खोली आठव्याच्या हिशेबानं सारवून घ्या. सुईणीला आजच सांगून ठिवा."

आईनं विचारलं, "आणि तुम्ही?"

"मी उद्या निघते."

उद्या त्या निघाल्या नाहीत. म्हणाल्या, बैल दमलेत. बैल आमचे, घरचे, गोठ्यात आरामात रवंथ करत होते. परवाही बैल दमलेलेच होते. आठवडा झाला तरी त्या बैलांचा थकवा उतरेना. दादा रोज सकाळी गोठ्यात जाऊन बैलांना मोठ्यानं विचारी, "कसंय रे आज? मावशी इचारून राह्यल्या." आत्याबाई आतून म्हणत, "बिलकुल नीट न्हाई म्हणाव."

मला हवी होती ती दुपार मिळाली. पदर पाडून, पाय पसरून, पुस्तक घेऊन मी पडे. हाक आली तर ऐकू आलं नाही असं करी. पण आत्याबाई माझ्या पायांशी बसलेल्या असत, आणि हाक आली की त्याच ओरडत, "न्हाई ऐकू आलं तिला! वाचून राह्यली ती!" कधी पोटातून लाथ बसून पुस्तक हललं की त्या पटकन हात ठेवून बघत आणि काहीच न झाल्यासारख्या वातीला कापूस वळायला लागत.

कार्तिक संपला, आणि आत्याबाईंच्या हिशेबातला आठवाही. अमावास्या गेली आणि मार्गशीर्षाच्या पहिल्या सकाळी मी उठले तर त्या न्हाऊन, गाठोडं बांधून ओट्यावर बसलेल्या. चेहरा असा की एखादं मोठं ओझं उतरवून ठेवलंय आणि आता जरा पाठ टेकायला हरकत नाही. त्यांनी दादाला हाक मारली. "ए धावडेकर, बैलांना बरं वाटतंय आज. जुप."

आईनं त्यांची ओटी भरली, वाटेला भाकरी आणि चटणी बांधून दिली. मी दारापर्यंत आले. त्यांनी माझ्या पोटावरून एकदा हात फिरवला, जसा दळण झाल्यावर जात्यावरून फिरवतात, आणि दमणीत चढल्या.

अंगणात गल्लीतल्या बाया जमल्याच होत्या. त्यातली एक म्हणाली, "चालला व्हय मावशी? आन हिला कितवा म्हणायचा मंग आता?"

आत्याबाईंनी पदर डोक्यावर ओढला, गाठोडं मांडीवर नीट ठेवलं. बैल चालायला लागले तेव्हा मागं वळून म्हणाल्या, "आता कितवाबी म्हणा."